वॉर्डातल्या साक्षीविषयी लेकीस पत्र

शरणपूर, नाशिक

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. पुण्याच्या रुग्णालयात तुझा जम बसतो आहे, हे वाचून तुझ्या बाबांना आणि मला समाधान वाटले. मात्र पत्राच्या शेवटी तू जे विचारले आहेस ते फोनवर बोलून संपण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तिथल्या चर्चच्या तरुण संघातील मुलांनी तुझ्याकडे ख्रिस्ती सुवार्तेच्या हस्तपत्रिकांचा गठ्ठा दिला आणि रात्रपाळीत त्या रुग्णांच्या उशाशी ठेवायला सांगितले; तुझ्याबरोबरच्या सिस्टरने मात्र धर्म घरी ठेवून कामावर येत जा, असे बजावले; आणि या दोघांत कोणाचे ऐकावे, असा तुला पेच पडला आहे. माझे मत आधीच सांगते. पत्रिका उशाशी ठेवू नकोस, आणि श्रद्धा घरी ठेवून जाऊ नकोस. जो माणूस तुझ्या हाती आहे, ज्याला तुझ्यासमोर ‘नाही’ म्हणणे जड जाईल, त्याची केवळ सेवा करावी, त्याला आपण होऊन सुवार्ता ऐकवू नये. पण त्याने किंवा दुसऱ्या कोणी विचारले, तर मात्र एक अक्षरही लपवू नये.

तरुण संघातील मुले तुला प्रभूची शेवटची आज्ञा दाखवतील. ‘जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ हे बायबलातील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातले वचन आपण सर्वांनी शब्बाथ शाळेत पाठ केले आहे आणि मीही ते मनापासून मानते. परंतु प्रभूने माणसे पाठवली ती कोणत्या स्थितीत पाठवली, हे लूकच्या दहाव्या अध्यायात वाच. थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरात घेतील तिथे राहायचे, पुढ्यात येईल ते खायचे, आणि गावाने स्वीकारले नाही तर पायांची धूळ झाडून निघून जायचे. म्हणजे सुवार्ता सांगणारा रिकाम्या हाताने दाराशी उभा असे आणि दार उघडायचे की लावायचे हे ऐकणाऱ्याच्या हाती असे. सांगणारा आश्रित होता, ऐकणारा यजमान होता. तुझ्या वॉर्डात हे सारे उलटे आहे. तिथे सलाइन लावलेला, बेडपॅनसाठीही तुलाच हाक मारावी लागणारा माणूस तुझा आश्रित आहे. पहाटे उठून उशाशी पत्रिका पाहिल्यावर त्याच्या मनात पहिला विचार येईल तो हा, की ही घेतली नाही तर सिस्टर आपल्याकडे पूर्वीसारखे लक्ष देतील ना. असा विचार एका जरी रुग्णाच्या मनात आला, तरी त्या कागदावरची सगळी वचने वाया गेली असे मी समजते.

प्रभू स्वतः आजाऱ्यांशी कसा वागला, ते पाहा. बेथेस्दाच्या तळ्याशी अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला त्याने विचारले, तुला बरे व्हायची इच्छा आहे का? यरीहोच्या वाटेवर बार्तीमय आंधळा आहे हे कोणालाही दिसत होते, तरीही त्याने विचारले, मी तुझ्यासाठी काय करावे? विचारल्यावाचून त्या दोघांनाही त्याने हात लावला नाही. आणि लूकच्या सतराव्या अध्यायातील ते दहा कुष्ठरोगी तर तू कायम ध्यानात ठेव. दहाही जण शुद्ध झाले, आभार मानायला मागे फिरला तो एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी लोक ज्यांना परके मानत त्यांतला. उरलेले नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारले खरे. त्याला वाईट वाटले हेही उघड आहे. पण त्या नऊ जणांचे बरेपण त्याने काढून घेतले नाही. आपल्याकडे सेवेचा हिशेब पुष्कळदा या एकावरून मांडला जातो, मंडळीत किती आत्मे जिंकले असे विचारले जाते, आणि त्या नऊ जणांविषयी कोणी काही बोलत नाही. परिचारिकेचे काम त्या नऊ जणांमध्ये आहे, बाळ.

आता आपल्या शरणपूरविषयी लिहिते, कारण तू इथे वाढलीस तरी या गोष्टीकडे या अंगाने पाहिले नसशील. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात ही ख्रिस्ती वस्ती वसवली आणि पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलामुलींना येथे आश्रय मिळाला. त्यांना लिहावाचायला शिकवले, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले, बाप्तिस्मा दिला. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावाच. गुलामीतून सुटलेल्या मुलाला अन्न, निवारा आणि हातात कसब देणे ही लहान गोष्ट नव्हे. तरीही शाळेत इतकी वर्षे शिकवल्यामुळे मला माहीत आहे की, भाकर देणाऱ्या माणसाला ‘मला तुमचा देव नको’ असे कोणतेही मूल म्हणू शकत नाही. त्यामुळे इथे झालेल्या बाप्तिस्म्यांची नोंद पाहून त्या मुलांच्या श्रद्धेविषयी मला काहीच कळत नाही.

मला कळते ते जेकब वेनराइटवरून. इथेच शिकलेला हा आफ्रिकी तरुण पुढे मिशनरी आणि आफ्रिकेचे संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासात त्यांच्याबरोबर होता. १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. शेकडो कोस कोणी पाद्री नव्हता, पगार देणारा नव्हता, शाबासकी देणारा नव्हता. सोबत्यांनी लिव्हिंग्स्टन यांचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडाच्या खोडावर त्यांचे नाव कोरले. मग चुमा, सुसी आणि इतर सोबत्यांनी तो देह सुमारे दीड हजार किलोमीटर वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. वाटेत आजार होते, मृतदेह नेण्यास विरोध करणारी गावे होती, आणि ओझे तिथेच टाकून निघून गेले असते तरी त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते. पुढे १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झाले, त्या वेळी शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत वेनराइटही होता. नाही म्हणण्याची पूर्ण मोकळीक असताना माणूस जे करतो त्यातून त्याची श्रद्धा दिसते, आणि शरणपूरमध्ये जे पेरले गेले त्याचा पुरावा मी त्या झाडाखाली शोधते.

दुसरे उदाहरण आणखी जवळचे आहे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक तुला ठाऊक आहेतच. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या आयुष्याची अक्षरशः वाताहत झाली. कित्येक वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नाही. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. त्या काळात नवऱ्याने हुकूम केला असता तर लोकांना त्यात वावगे वाटले नसते. तरीही त्यांचा निर्णय त्यांच्या वेळेने आणि त्यांच्या विचाराने झाला, जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांचे त्यांनाच उमगले. टिळकांच्या बाप्तिस्म्यामुळे त्यांना जे सोसावे लागले ते मी कमी लेखत नाही, ती दुखापत खरी होती. पण मधली ती वर्षे मला फार मोलाची वाटतात. त्या वर्षांमुळेच लक्ष्मीबाईंची श्रद्धा टिळकांची सावली म्हणून राहिली नाही, ती त्यांची स्वतःची झाली.

आता त्या सिस्टरच्या म्हणण्याकडे वळते. त्यांचा हेतू चांगला आहे. तुला त्रास होऊ नये, एवढेच त्यांना वाटत असावे. शिवाय त्यांच्या सांगण्यात निम्मे सत्य आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये प्रथम स्वीकारलेली आणि पुढे वेळोवेळी सुधारलेली आचारसंहिता रुग्णाच्या श्रद्धांचा आणि रीतिरिवाजांचा मान राखायला सांगते, हे तू शिकलीच आहेस. राज्यघटनेचे २५ वे कलम आपल्याला धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. तो सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत आहे, आणि प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करवण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले आहे. कायद्याचे मी एवढेच सांगते, कारण माझा मुद्दा कायद्याच्या भीतीचा नाही. उद्या कायद्याने पूर्ण मोकळीक दिली तरी उशाशी पत्रिका ठेवू नकोस, असेच मी म्हणेन.

परंतु विचारल्यावर गप्प बसणे हा दुसऱ्या टोकाचा दोष आहे, आणि आपल्यासारख्या अल्पसंख्य लोकांना तो फार लवकर जडतो. प्रभूला धरून नेले त्या रात्री महायाजकाच्या वाड्यात शेकोटीशी बसलेल्या त्याच्या शिष्याला, पेत्राला, एका दासीने साधा प्रश्न विचारला होता, तूही त्या गालीलकर येशूबरोबर होतास ना? आणि त्याने साफ नाकारले. त्याच पेत्राच्या नावाने असलेल्या पहिल्या पत्रात पुढे लिहिले आहे की, तुमच्या ठायी असलेल्या आशेविषयी जो कोणी विचारील त्याला उत्तर द्यायला सदा तयार राहा, पण ते सौम्यपणे द्या. या वचनात आधी विचारणारा येतो, मग उत्तर येते. विचारावेसे वाटेल असे काहीतरी आपल्यात दिसले पाहिजे, ही अट त्यात न बोलता आलेली आहे.

तुझ्या आजीची माती झाली तेव्हा तू लहान होतीस. आपल्या शेजारच्या काकू कब्रस्तानापर्यंत आल्या होत्या. दोन-चार दिवसांनी त्या चहाला आल्या आणि थोडे संकोचून म्हणाल्या, ‘तुम्ही लोक अशा वेळी गाता कसे? तुम्हाला रडू येत नाही का?’ मी त्यांना सांगितले की रडू येतेच, पण सासूबाईंची आमची पुन्हा भेट होणार आहे असा आमचा विश्वास आहे, कारण ज्याच्यावर आम्ही भरवसा ठेवला तो मरणातून उठला. म्हणून रडत रडत गातो. त्या पुष्कळ वेळ बसल्या आणि स्वतःच्या गेलेल्या मुलाविषयी प्रथमच माझ्याशी बोलल्या. त्या आजही नेमाने काळारामाच्या दर्शनाला जातात, दिवाळीला त्यांच्याकडचा फराळ आपल्याकडे येतो आणि नाताळला आपल्या करंज्या त्यांच्याकडे जातात. ती साक्ष फुकट गेली असे मला कधीही वाटलेले नाही.

तुलाही असेच कोणी विचारील. तेव्हा थोडक्यात आणि तुझ्या अनुभवाचे तेवढे बोल. दुसऱ्याच्या देवाविषयी, व्रताविषयी, गंड्यादोऱ्याविषयी बरेवाईट काही बोलू नकोस. ख्रिस्ताला मोठे करण्यासाठी दुसऱ्या कोणाला लहान करावे लागत नाही. कोणी प्रार्थना करायला सांगितले तर आधी त्याला पुन्हा विचार, मग हलक्या आवाजात, चार वाक्यांत कर, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ते सक्तीचे ऐकणे होऊ देऊ नकोस. बरे व्हाल असे वचन देवाच्या नावाने देऊ नकोस, ते देण्याचा अधिकार तुला नाही आणि मलाही नाही. आणि कोणी मरणोन्मुख असेल तर त्याच्या माणसांना विचार, त्यांना काय हवे आहे. गंगाजल हवे असेल तर ते मुखात घालण्यापुरती डॉक्टरांची परवानगी काढून दे. कलमा म्हणायला कोणाला बोलवायचे असेल तर वेळेचा नियम पुढे करून त्याला दाराशी अडवू नकोस. अशाने आपली श्रद्धा पातळ होते, असे तुला तिथे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. शेवटच्या घटकेला माणसाला त्याच्या ओळखीच्या शब्दांपासून तोडणे ही क्रूरता आहे, आणि क्रूरतेने ख्रिस्ताची ओळख होत नाही.

बाकी तुझी साक्ष तुझ्या कामातच आहे, आणि ती कोणाच्या परवानगीवाचून रोज देता येते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते; पहाटे चारला, कोणी पाहत नसताना, चार्टवर नुसती खूण करून पुढे जाण्याचा मोह होतो, असे तूच मला प्रशिक्षणाच्या काळात सांगितले होतेस. तिथे खरी खूण कर. औषधाची वेळ चुकली तर चुकलेलीच वेळ लिही. ज्याला भेटायला कोणी येत नाही त्याच्या खाटेशी दोन मिनिटे अधिक थांब. डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांनी हातात पैसे ठेवले तर नम्रपणे परत कर, आणि सफाईच्या मावशींना ‘अहो’ म्हण. ‘फुकट मिळाले, फुकट द्या’ असे प्रभूने शिष्यांना सांगितले, त्यात मोबदल्यात श्रद्धाही मागायची नाही, असे मी समजते.

आता करायचे ते असे. पत्रिकांचा गठ्ठा येत्या रविवारी उपासनेनंतर तरुण संघाच्या मुलांना प्रेमाने परत दे आणि कारणही सांग. ती चांगली मुले आहेत, त्यांच्या आवेशाला दुसरी वाट हवी आहे. रक्तदानासाठी किंवा एकट्या रुग्णांना जेवण पोचवण्यासाठी त्यांची मदत रुग्णालयाला चालेल का, हे मेट्रनबाईंना विचार. त्याच वेळी हेही विचार की, रुग्णाने मागितले तर भटजी, मौलवी, भंते किंवा पाळक यांपैकी कोणाला कोठून बोलवायचे, त्यांचे फोन नंबर वॉर्डात लिहून ठेवलेले आहेत का. नसतील तर ती यादी तू कर. आपल्या पाळकसाहेबांच्या ओळखीने तिथल्या मंडळीचा नंबर मी मिळवून कळवते.

बाबांचा सलाम. रात्रपाळीत डबा वेळेवर खात जा.

तुझी,
आई