यंदा नायिका गावातलीच

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

जत्रेच्या नाटकाला यंदा मानधन देऊन नायिका का आणली नाही, असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा माणसं बसली होती, नीट बोलता आलं नाही.

मानधन जड जातं हे खरंच, पण कारण ते नव्हे. बाहेरची नटी दोन तालमी करते, काम झकास करते आणि पहाटे गाडीत बसून जाते. गावाच्या हाती काय राहतं? दीनानाथ मंगेशकर आपल्या मंगेशीचे, जन्म 1900 चा. पण घडायला त्यांना गाव सोडून किर्लोस्कर नाटक मंडळीत जावं लागलं, आणि 1918 साली स्वतःची बळवंत संगीत मंडळी काढली तीही गोव्याबाहेरच. आज फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे, पणजीच्या कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा आहे. तिथं उभं राहायचं बळ मात्र गावातल्या वाड्यावरच द्यायला हवं, असं माझं ठाम मत.

फुलकारबाईची धाकटी यंदा नायिका. तालीम देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, रात्री जेवणं आटोपल्यावर. घरात सगळं कोंकणीत, त्यामुळे मराठी वाक्याला कोंकणी हेल यायचा आणि शेवटचा शब्द तोंडातच राहायचा. मास्तरांनी माईक लावू दिला नाही. स्वतः देवळापुढच्या दीपस्तंभापाशी जाऊन बसले, म्हणाले, "मला इथं ऐकू आलं पाहिजे." पोर रडकुंडीला आली. मग पेटीवाल्या मामांनी काळी दोन पट्टीचा सूर धरला आणि तिला त्या सुरातच वाक्य म्हणायला लावलं. परवा तिचं "थांबा!" असं आलं की बाहेर चप्पल घालणारा गडी खरोखर थांबला. मला भरून आलं गं.

प्रॉम्प्टिंगला तिचाच भाऊ बसतो. पुढच्या वर्षी तोही उभा राहील, बघशील.

पालखी देवळात परतली की मध्यरात्रीनंतर पडदा उघडेल. समोर तिला परकरात बघितलेल्या म्हाताऱ्या असतील. चुकलं तर सांभाळून घेणारे आणि उद्या तोंडावर सांगणारेही तेच.

तू पुण्यात नाटक शिकतेस. श्वासाचे, आवाजाचे व्यायाम तिला तूच दाखवायला हवेस. मास्तरांनीही तसं म्हटलंय. जत्रेच्या आठवडाभर आधी ये, रंगीत तालमीला तरी नक्की पोच. बसचं तिकीट काढलंस की कळव, फोंड्याच्या स्टँडवर घ्यायला येतो. आई विचारतेय, तुझी जुनी नऊवारी त्या पोरीला द्यायची का?

तुझे बाबा