विमान घिरट्या का घालते, तेही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उड्डाण करताच विमानात बिघाड झाला की आपल्याकडच्या बातम्यांचे शब्द ठरलेले असतात: ‘थरार’, ‘जीव टांगणीला’, ‘आकाशात घिरट्या’. ११ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या विमानाच्या वेळी हेच वाचले. हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणेत बिघाड, आत १४१ प्रवासी, दोन तासांहून जास्त वेळ फेऱ्या आणि शेवटी सुखरूप उतरणे. टीव्हीसमोर बसलेली माझी बहीण सारखी म्हणत होती, “अरे, मग उतरवत का नाहीत लवकर?”

उतरवत नव्हते, कारण विमान जड होते. ते होते बोइंग ७३७. यातल्या ७३७-८०० ला उडताना साधारण ७९ टनांपर्यंत वजन चालते, पण उतरताना ६६ टनांच्या आसपासच. मधले तेरा टन म्हणजे मुख्यतः वाटेत जळून जाणारे इंधन. निघाल्या निघाल्या परतायची वेळ आली की ते टाक्यांतच असते. ७७७ सारख्या मोठ्या विमानाला ते हवेत सोडून देता येते. ७३७ किंवा एअरबसच्या ए३२० ला तशी सोयच नाही, त्यामुळे फिरत राहून जाळायचे. आग लागलेली असेल तर कॅप्टन वजनाकडे न बघता उतरवतो, मग लँडिंग गिअरची, म्हणजे चाकांच्या सांगाड्याची, कसून तपासणी होते. थांबायचे की टेकायचे, हे त्यानेच ठरवायचे. तिरुचिरापल्लीच्या कॅप्टनने थांबायचे ठरवले. या निर्णयावर बातमीत एक ओळ तरी हवी होती.

निघतानाचे हिशेबही असेच न दिसणारे. एका मे महिन्यात पुण्याहून निघताना आमच्या विमानातल्या काही बॅगा उतरवल्या. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या जवळपास, म्हणून वजन कमी करावे लागले. शेजारचे गृहस्थ “माझीच बॅग का?” म्हणून हवाईसुंदरीवर खेकसत होते. (माझीही राहिली होती. दुसऱ्या दिवशी घरी आली, चाक मोडून. ते असो.)

धावपट्टीवरचा क्षण तर बातमीत कधीच येत नाही. प्रत्येक उड्डाणासाठी वजन, तापमान, वारा, धावपट्टी पाहून एक वेग ठरतो, त्याला ‘व्ही-वन’ म्हणतात. तोपर्यंत कॅप्टनचा हात थ्रॉटलवर (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायच्या दांड्यावर) असतो, कारण थांबणे अजून शक्य असते. तो वेग पुकारला गेला की हात तिथून काढून घ्यायचा. मग एक इंजिन बंद पडले तरी विमान वरच न्यायचे.

‘थरार’ हवा तर छापा, माझी तक्रार नाही. शेजारी एक छोटी चौकट मात्र द्या: विमान कोणते, किती वजनाने निघाले आणि इंधन सोडायची सोय त्याला होती की नव्हती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे