बंड्याचे सहा आठवडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘पाळता येत नाही, तर आणता कशाला?’ हा लेख वाचला. कुत्रा सोडून देणारे सगळे मालक निर्दयी, त्यांच्यासाठी कडक कायदा करा, असा त्याचा सूर. सोमवारी शांतपणे पुन्हा वाचावा म्हटलं, तर राग आणखी वाढला. लेखकमहाशयांनी कधी दुसऱ्याचा कुत्रा महिनाभर सांभाळलाय का? मीही सांभाळला नव्हता, म्हणून विचारतो.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काकू राहतात, पोळी-भाजीचे डबे करतात. फेब्रुवारीत मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना त्यांचं एकच चाललं होतं, “बंड्याचं बघा हो.” बंड्या म्हणजे त्यांचा नऊ वर्षांचा गावठी कुत्रा. कानाला नसबंदीची खाच, म्हणजे मूळचा रस्त्यावरचाच.

संध्याकाळी एका प्राणिसंस्थेला फोन लावला. “कायमचा द्यायचा असेल तर फॉर्म भरा. तात्पुरता ठेवत नाही, जागा नाही.” त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, पिंजरे खरंच भरलेले असतात. कुत्र्यांच्या हॉस्टेलवाल्याने दिवसाचे ६०० सांगितले. महिन्याचे १८ हजार! काकूंना महिन्याकाठी तेवढे सुटले तरी देव पावला. म्हणजे फॉर्मवर सही, की तुमच्या लेखकांच्या यादीत आणखी एक निर्दयी मालकीण जमा.

ती वेळ आली नाही. वॉचमनचा पाचवीतला मुलगा दोन्ही वेळा फिरवून आणायचा. चौकातला चिकनवाला माना आणि पाय पिशवीत बांधून ठेवायचा, पैसे घेईना. भात आमच्या घरून. (घरात मात्र घेतला नाही. आमच्याकडे सोवळं आहे असं सौ.चं म्हणणं, माझंही, खोटं कशाला बोलू? बंड्या काकूंच्या बंद दारापाशी पोत्यावर झोपायचा.) तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या आजोबांनी गेल्या वर्षी त्याच्याविरुद्ध सोसायटीत अर्ज दिला होता, ते रात्री साडेनऊला मारी बिस्किटांचा पुडा घेऊन खाली उतरताना मी स्वतः पाहिले. मध्येच बंड्याला गोचीडताप झाला. त्याच्या औषधांसकट सहा आठवड्यांचा खर्च २,३४० रुपये, वहीत लिहून ठेवलाय. आमच्या गल्लीत मंडळाची वर्गणी याहून जास्त देणारे पाचजण तरी सापडतील.

लेखात कडक कायद्याची मागणी आहे. अहो, प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० पासून आहे. जनावराला उपासमार होईल अशा तऱ्हेने टाकून देणं कलम ११ खाली गुन्हाच आहे, पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. हवं तर ५० चे ५० हजार करा. ज्याच्या खिशात सलाइनचे पैसे नाहीत, तो मग भर दुपारी सोडायचा तो मध्यरात्री सोडेल. त्यापेक्षा वॉर्डात एखादा स्वस्त दवाखाना, अडीनडीला महिनाभर कुत्रा ठेवून घेणारी चार घरं, एवढं जमवणाऱ्यांबद्दल लिहा की! २०२० च्या लॉकडाउनमध्ये कुत्र्यामांजरांपासून कोरोना होतो या अफवेने कितीतरी जनावरं रस्त्यावर आली. ती माणसं निर्दयी होती, हे मान्य. पण काकूंना त्यांच्या रांगेत बसवू नका.

आता तुमच्याबद्दल. ज्या अंकात हा उपदेश, त्याच अंकाच्या छोट्या जाहिरातींत लॅब्राडोरची पिल्लं विकण्याच्या तीन जाहिराती आहेत. मोजल्या. वाचकांनी कुत्रा आणू नये आणि तुम्ही मात्र विकण्याचे पैसे घ्यावेत, हे कसं? त्याच पानावर ‘अमुक दिवस कुत्रा सांभाळायला हवा’ अशा मजकुराला दोन ओळी फुकट द्या. पहिला मजकूर मी पाठवतो, काकूंच्या दुसऱ्या खुब्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे.

आणि लेखासोबत हस्कीचा फोटो कोणी निवडला? पुण्याच्या उन्हाळ्यात हस्की पाळणाऱ्याला काय बोलायचं ते बोला, त्यात मीही येईन.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पुणे
(नाव छापू नये. सौ. आणि आजोबा दोघेही तुमचाच पेपर वाचतात.)