भिंग आधी आईच्या हातात देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

झवेरी बाजारात तुमच्याकडे आलो तेव्हा आईने अंगठी रुमालाच्या गाठीत बांधून आणली होती. बोटात घालायची तिला लाज वाटू लागली होती. निवृत्तीच्या पैशांतून हौसेने घेतलेला एक कॅरटचा हिरा, आणि मधोमध काळा डोळा! एका दुकानात "खोटा असेल" म्हणाले, दुसऱ्याने भिंगही न लावता "देऊन टाका, नवीन घ्या" सांगितलं. ज्याने विकला तो तर वजन आणि रंगाचा कागदच नाचवत राहिला. सगळे माझ्याशी बोलत होते. अंगठी जिची, तिच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

तुम्ही भिंग आधी तिच्या हातात दिलंत. तिचा हात कापतो, म्हणून मनगट खालून धरून ठेवलंत, तिला नीट दिसेपर्यंत. हे मी विसरूच शकत नाही, काका. मग दिवा बंद करून तिला खिडकीशी नेलंत. "दुकानातल्या दिव्याखाली काचही चमकते, माई. हिरा अस्सल आहे. घडवणाऱ्याने वजन वाचवायला पोट खोल ठेवलंय."

बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने काढून दाखवलंत. उजेड वरून शिरतो, खालच्या पैलूंवर दोनदा आपटून परत वर येतो. त्यासाठी त्यांचा उतार ४१ अंशांच्या आसपास हवा. आमच्या हिऱ्यात तो जास्त होता, म्हणून उजेड दुसऱ्या पैलूतून खालीच निसटत होता. पुन्हा घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, लावला तर वजन घटेल, कॅरटचा आकडा मोडला की किंमतही उतरेल, हेही तुम्हीच आधी सांगितलंत. कोहिनूरसुद्धा १८५२ साली लंडनमध्ये पुन्हा घडवताना आजच्या मापाने १९१ कॅरटचा १०५.६ वर आला, हे ऐकून आई पहिल्यांदा हसली. "मला कुठे विकायचाय!" म्हणाली.

बाजूच्या ट्रेमध्ये नव्या अंगठ्या होत्या. तुम्ही एकही पुढे केली नाहीत. अशी माणसं अजून गल्ल्यावर बसतात, याचा केवढा आधार वाटतो.

घंटीवर वजनातले चौदा सेंट, म्हणजे ०.१४ कॅरट, गेले. वरून हिरा दिसतो जवळपास तेवढाच. काल सकाळी आई खिडकीत मेथी निवडत होती. हात हलला की समोरच्या भिंतीवर रंगांचे ठिपके पळायचे. मेथी तशीच राहिली, ती हातच हलवत बसली होती.

तुमची,
माईंची लेक