‘हाताची घडी, तोंडावर बोट’ आता पुरे

मा. संपादक, स.न.वि.वि.

शाळा सुरू झाल्या की पेपरात गणवेश, पुस्तकं, स्मार्ट बोर्ड सगळ्याच्या बातम्या येतात, पण वर्गात पोरं बोलतात किती यावर कुणी एक ओळ लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरी-तिसरीला शिकवते. आपल्याकडे अजूनही चांगला वर्ग म्हणजे गप्प वर्ग, जरा आवाज आला की बाईंचा कंट्रोल नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे, वहीत वजाबाकी आली की पेन्सिल चावत बसतो. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गप्पा चालल्या होत्या, त्याला विचारलं मेथी कशी दिली रे? म्हणाला पंधराला जुडी. मग चार जुड्या घेऊन कुणी शंभरची नोट दिली तर? "दोन जुड्यांचं तीस, आन् दोनाचं तीस, साठ झालं, चाळीस माघारी." लगेच मागून एक मुलगी म्हणाली, पाचवी घेतली तर पंचवीसच द्यायचं! मी फक्त ते बोलत होते तसं फळ्यावर आकड्यात मांडत गेले, वजाबाकी तिथंच झाली.

नुसता गोंगाट म्हणजे शिक्षण असं मी अजिबात म्हणत नाही. बाईंनी पुढचा प्रश्न विचारायला लागतो, तुला कसं कळलं, दुसऱ्या कुणी वेगळं केलं का, आणि उत्तर येईपर्यंत थांबायला लागतं. "समजलं का?" ला एका सुरात "हो बाई" येतं त्यातनं काहीच कळत नाही. आणि पोरगं रंगात येऊन सांगत असताना मधेच त्याची बोली दुरुस्त करायला गेलं की संपलं, परत तोंड उघडत नाही.

हे काही नवीन फॅड नाही. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला मुलांच्या अंगणातल्या गोष्टी घेऊनच शिकवलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये मुलाला भीतीशिवाय मोकळेपणानं मत मांडता यावं असं स्पष्ट लिहिलंय, 2021 च्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानातही मौखिक भाषा विकास, म्हणजे पोरांचं ऐकणं-बोलणं, आहे. कागदावर सगळं आहे हो! पण पोर्शन आणि ऑनलाइन माहिती भरणं यात पहिला बळी गप्पांच्या तासाचाच जातो.

माझी मागणी एवढीच, रोज निदान वीस मिनिटं वेळापत्रकात गप्पांसाठी ठेवा आणि तो अभ्यासच धरा. शाळाभेटीला येणाऱ्या साहेबांनी वह्या तपासायच्या आधी पोरांशी पाच मिनिटं बोलून बघावं, आणि मगच शेरा लिहावा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा