रद्दीतून पुस्तकं काढून ठेवणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "जाऊ द्या हो ताई" म्हणता आणि तराजूकडं वळता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. परभणीत तुमच्या दुकानावरून रोज शेकडो माणसं जातात. त्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्यासाठी काय झालं, हे त्यांनाही कळू दे.

सात वर्षांपूर्वी मी तुमच्याकडं पहिल्यांदा आले ती पुस्तकासाठी नव्हे. कटोरी ब्लाउजच्या पेपर कटिंगसाठी दोन किलो जुने पेपर हवे होते. धाकटा कडेवर होता. घरी येऊन कागद पसरला, खडूनं पाठीचा भाग आखला आणि कात्री लावणार तेवढ्यात खालून शाळेच्या जुन्या मराठी पुस्तकाची सुटी पानं सरकून आली. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल'. भाव मिळेना म्हणून बाप भर बाजारात स्वतःचेच टोमॅटो पायानं तुडवतो, ती गोष्ट. मी कात्री हातात धरून उभ्यानंच वाचली. आमचे अण्णा एकदा असेच मेथीच्या जुड्या गाईपुढं टाकून, रिकामी पोती खांद्यावर घेऊन बाजारातून घरी आले होते. जेवले नाहीत, कुणाशी बोलले नाहीत. ते कुणीतरी लिहून ठेवलंय, आणि लिहिणारा आपल्याच मराठवाड्यातला आहे, हे मला बत्तिसाव्या वर्षी कळलं. बारावीनंतर लग्न झालं आणि त्यानंतर मी वाचलेलं म्हणजे लग्नपत्रिका आणि औषधाच्या बाटल्या.

दुसऱ्या दिवशी ती पानं घेऊन मी तुमच्याकडं आले आणि विचारलं, "मामा, असलं अजून काही असतं का?" तुम्ही हसला नाहीत. गिऱ्हाईक थांबवून पानं हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून अर्धं पान वाचलं आणि म्हणालात, "असतंय की. पण वेळ लागंल. शनिवारी या."

तेव्हापासून शनिवार म्हणजे तुमच्याकडची सुतळीनं बांधलेली लहानशी गड्डी. दसरा काढताना लोक माळ्यावरचे जुने दिवाळी अंक बाहेर काढतात, म्हणून नवरात्राच्या आधी माझी गड्डी जड व्हायची. अंक मागून उघडायलाही तुम्हीच शिकवलंत: "शेवटच्या पानांवर पुस्तकांच्या जाहिराती असतात, त्यातली नावं उतरवून घ्या." माझ्या मापाच्या वहीत पुढून गिऱ्हाइकांची छाती-कंबर-बाही आणि मागून पुस्तकांची नावं, असं तेव्हापासून चाललंय. आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'चं नाव असंच त्या वहीत आलं. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या माणसाच्या या कथांना 2016 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि मला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. ते रद्दीत येईना, तेव्हा तुम्ही मला सार्वजनिक वाचनालयाचं सभासद व्हायला लावलंत. स्वतःचं गिऱ्हाईक दुसरीकडं कोण धाडतं, मामा?

पण मला सगळ्यात जवळचं आहे ते 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांची अक्षरओळखसुद्धा लग्नानंतरची, आणि त्याच बाईचं हे आत्मचरित्र 1934 ते 1936 या काळात चार भागांत छापून आलं. तुम्ही दिलेल्या प्रतीला शेवटची पानं नव्हती. "फर्मा गळालाय, शिवलेल्या पानांचा अख्खा गठ्ठाच," तुम्ही शिवण बोटानं चाचपत म्हणालात, "दुसरी प्रत सापडली की देतो." मला वाटलं, विसराल. मी तेवढंच पुन्हा पुन्हा वाचत राहिले. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे, लाईट गेल्यावर मशीन बंद पडलं की, आणि सगळ्यात जास्त रात्री नळाची वाट बघत. पाणी कधी दीडला येतं, कधी अडीचला. पूर्वी त्या जागरणाचा मला संताप यायचा. आता घरात सगळे झोपलेले असतात, हंडे ओळीनं मांडलेले असतात आणि ती वेळ माझ्या एकटीची असते. नळ फुसफुसायला लागला की पानात सुईदोरा ठेवून उठायचं.

अकरा महिन्यांनी तुम्ही ती दुसरी प्रत हातात दिलीत. आधी स्वतः पानं मोजून, शेवटचं पान उघडून दाखवून. मी पैसे विचारले तर वजनाचा भाव लावलात. त्या दिवशी रस्त्यातच, लिंबाखाली उभी राहून मी शेवट वाचला. पोरांची शाळा सुटायची वेळ झाली होती, तरी वाचला.

माझी थोरली आता नववीत आहे. दुपारी मी पुस्तक घेऊन बसले की आधी घरात कुरकूर व्हायची. आता तीच दाराशी आलेल्या बायकांना सांगते, "आई वाचतेय, थोडं थांबा." हे तुमच्यामुळं झालं, हे तिलाही ठाऊक आहे.

गल्ल्यामागची तुमची बसायची गादी कडेनं उसवलीय, कापूस बाहेर आलाय. मागच्या शनिवारी तुम्ही चहा आणायला गेलात तेव्हा मी टेपनं माप घेतलं. जाड खादीची खोळ शिवून तयार आहे. या शनिवारी घेऊन येते. वजन करायचं नाही आणि "जाऊ द्या" म्हणायचं नाही.

तुमची,
शिलाईवाली ताई