शटर वर करून प्रोजेक्टर दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या पुरवण्यांमध्ये हल्ली टीव्ही-फ्रिजच्या बरोबरीने छोट्या पोर्टेबल प्रोजेक्टरच्या जाहिराती असतात. ‘भिंतीवर दीडशे इंची थिएटर’, ‘९००० ल्युमेन’, ‘४के सपोर्ट’ वगैरे. ल्युमेन हे उजेडाचे माप, ४के हे चित्राच्या बारकाईचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे शाळा, मंडळे, बचत गट अशी पै-पै मोजून खर्च करणारी मंडळीही आता चौकशी करू लागली आहेत. मी जावळी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्याकडे यंदा लोकवर्गणीतून असे यंत्र आले, म्हणून हे पत्र.

साताऱ्याच्या दुकानात यंत्र दाखवण्याआधी दुकानदाराने शटर अर्धे खाली ओढले. भिंतीवर वाघ आला, झकास दिसला, आमचे शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष पाकिटाला हात घालू लागले. मी म्हटले, “भाऊ, शटर वर करा. आमची शाळा दिवसा भरते.” शटर वर गेले आणि वाघाचे पट्टे गेले. दुकानदार मात्र सरळ माणूस होता. “मॅडम, या किमतीतला कुठलाही दिवसा असाच दिसणार. साइज कमी करा,” म्हणत त्याने यंत्र भिंतीजवळ सरकवले. चित्र लहान झाले तसे पट्टे परत दिसू लागले.

यातले गणित पाचवीच्या मुलांनाही सुटते. समजा यंत्र खरोखर २०० ल्युमेनचे आहे. शंभर इंची (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत) चित्र साधारण सव्वादोन मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ पावणेतीन चौरस मीटर. २०० ल्युमेन तेवढ्या जागेत पसरले की दर चौरस मीटरच्या वाट्याला सत्तरेक येतात, म्हणजे सत्तरेक लक्स. वर्गात वाचण्या-लिहिण्यासाठी ३०० लक्सच्या आसपास उजेड धरतात आणि खिडकीजवळ तो याच्या कितीतरी पट असतो. आता चित्र पन्नास इंची करा. क्षेत्रफळ चौथाई होते, उजेड चौपट होतो, तीनशेच्या जवळ जातो. दीडशे इंच हा आकडा काळोख्या रात्रीपुरता आहे, पण तेवढे कोणी छापत नाही.

आणि २०० ल्युमेन म्हणजे कुठले, हाही प्रश्नच. मोजायची रीतसर पद्धत आहे. पांढऱ्या चित्राचे नऊ सारखे भाग करायचे, प्रत्येक भागाच्या मध्यावर भिंतीवर पडणारा उजेड मोजायचा, सरासरी काढून क्षेत्रफळाने गुणायचे. यालाच ‘अँसी’ ल्युमेन म्हणतात. खोक्यावर कधी ‘आयएसओ २१११८’ असे या मोजणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे नावही लिहिलेले असते. नुसते ‘ल्युमेन’ किंवा ‘एलईडी ल्युमेन’ छापले असेल तर तो फार तर आतल्या दिव्याचा आकडा. लेन्समधून बाहेर किती आले, हे त्यावरून कळत नाही. ‘४के सपोर्ट’चीही तीच तऱ्हा. यंत्र ४के फाइल वाचू शकते एवढाच त्याचा अर्थ. चित्र उमटते ते नेटिव्ह रिझोल्यूशनमध्ये, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ठिपक्यांत, आणि ते ठिपके १२८० गुणिले ७२० एवढेच असू शकतात.

शेजारच्या खोऱ्यातल्या एका शाळेने ऑनलाइन मागवलेल्या यंत्राच्या खोक्यावर ९००० होते. दुपारी वर्गात भिंतीवर काही म्हणता काही दिसेना. शेवटी गुरुजींनी रात्री गावाला सिनेमा दाखवून वर्गणीदारांची समजूत काढली. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे शाळेच्या कामाचा भाग म्हणून मुले, शिक्षक आणि पालकांपुरता चित्रपट दाखवायला सवलत आहे. अख्ख्या गावाला ती लागू नाही, पण वर्गणी अख्ख्या गावाची असते ना!

यंत्र वर्गात आल्यावर पहिले काम खिडक्यांचे. पडद्यांना पैसे उरले नव्हते. आमच्याकडे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर अंथरायला मल्चिंग पेपर असतो, एका बाजूने चंदेरी, दुसरीने काळा. एका पालकांनी उरलेला तुकडा दिला. चंदेरी बाजू बाहेर ठेवून तो खिडक्यांना लावला, वरच्या झडपा हवेसाठी उघड्या ठेवल्या. त्यानंतर सत्तर इंची चित्रसुद्धा मागच्या रांगेतून वाचता येऊ लागले. भिंतीवर फळ्याशेजारी पांढरा चौकोन रंगवला तो मॅट रंगाने. पेंटर ऑइलपेंट मारायला निघाला होता. चकचकीत भिंतीवर मधोमध दिव्याचा गोळा दिसतो आणि कडेच्या मुलांचे डोळे दिपतात.

यंत्र खालच्या टेबलावर ठेवून तोंड वर केले की चित्र वर पसरट, खाली अरुंद होते. भूमितीतला समलंब चौकोन मुलांनी प्रथम असा पाहिला. यंत्रातली ‘कीस्टोन’ नावाची सोय हा दोष पुसते खरी, पण चित्राच्या कडा कापून पुसते, अक्षरे पिसकटतात. त्यापेक्षा टेबलावर स्टूल चढवून लेन्स चित्राच्या उंचीला आणलेली बरी. मुलांच्या डोक्यावरून किरण गेले की कोणी लेन्समध्ये डोकावतही नाही. ते कटाक्षाने टाळायला हवे. फोकस मी फोटोवर नाही, बालभारतीच्या पुस्तकातल्या बारीक अक्षरांवर लावते, आणि मधल्या नाही, कोपऱ्यातल्या.

फोनवरून सरकारच्या दीक्षा या शैक्षणिक ॲपचे व्हिडिओ नीट दिसतात, पण आमच्याकडे रेंजचा भरवसा नाही, म्हणून आधीच उतरवून ठेवते. पैसे भरून पाहायच्या ॲपमधले चित्रपट मात्र असे पाठवले की बहुधा फक्त आवाज येतो, पडदा काळा. तो बिघाड नव्हे, नक्कल होऊ नये म्हणून घातलेले कुलूप आहे. आतला स्पीकर चिमुकला, वर्गाला पुरत नाही. ब्लूटूथवर जोडला की ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. आम्ही परिपाठाचा जुना स्पीकर वायरने जोडला. बॅटरीवर चालवताना उजेड आपोआप उतरतो, तेव्हा लाइट गेल्यावर चित्र फिके पडले तर घाबरू नये.

आमच्या यंत्रात चित्र उमटवायला केसाच्या जाडीहूनही लहान असे लक्षावधी आरसे आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये लावलेला हा शोध. त्यासाठी त्यांना २०१५ मध्ये ऑस्करही मिळाले. मुलांना हे मी सांगण्याआधी त्यांनीच एक गंमत शोधली. पांढऱ्या चित्रासमोर हात भरभर हलवला की बोटांच्या सावल्यांना लाल, हिरव्या, निळ्या कडा येतात. रंग एकामागून एक फेकले जातात, डोळा ते एकत्र करतो, आणि हलता हात ते पुन्हा सुटे करतो. आरशांऐवजी एलसीडी पडदी असलेल्या यंत्रात असे दिसत नाही. तिसरीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, पांढरा रंग खोटाय.” त्या दिवशी विज्ञानाचा तास लांबला.

मूळ मुद्दा राहिला. खोक्यातले माहितीपत्रक इंग्रजी आणि चिनी भाषेत होते. इथे मराठीत विकायचे तर एक पानभर मराठी छापायला काय हरकत आहे? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे, तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांकही आहे. पण आधी जाहिरात छापणाऱ्यांनीही थोडे विचारावे. आपल्या जाहिरात विभागाने प्रोजेक्टरवाल्यांकडे अँसी ल्युमेन आणि नेटिव्ह रिझोल्यूशन हे दोन आकडे मागावेत, आणि ते ‘दीडशे इंच’ ज्या टायपात छापता त्याच टायपात छापावेत, एवढी विनंती. पत्र लवकर छापता आले तर बरे. आमच्या केंद्रातल्या आणखी दोन शाळांची वर्गणी जमत आली आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. जावळी, जि. सातारा